नळाखालची परात

गळका नळ मी दुरुस्त केलेला नाही.
वॉशर खिडकीत पडून आहे, पुडीसकट,
बाबांनी नोव्हेंबरात आणलेला.
थेंब परातीत पडतो. परात चेपलेली,
बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीच्या कॅन्टीनची.

पहाटे पाचला, अंगणाला अजून रंग यायचाय,
तेव्हा लावे येतात. आधी नर, कपाळावर तुरा झुलवत,
कुंपणावर चढून चहूकडे बघतो.
मग ती, आणि मागून पिल्लं, अक्रोडाएवढी,
जणू कुणाची पिशवी फाटली.
काल अकरा होती. आज नऊ.
कुंपणापाशी वाळूत सरपटल्याची एक रेघ,
नीट, घाई नसलेली.

पालो वेर्दे इतका पिवळा झालाय की डोळे दुखतात.
साग्वारोवरचा रेन पक्षी ओरडतो,
थंडीत सुरू न होणाऱ्या ट्रकसारखा.
हमिंगबर्डनं घरटं बांधलं कपड्यांच्या दोरीवर,
म्हणून मार्चपासून धुणं मी खुर्च्यांवर वाळत घालते.

शेजारची व्हर्ना अँटोन भिंतीवरून विचारते,
"चोयाच्या कळ्या आल्या. काढायला येतेस?"
मी म्हणते, रविवारी.
तिसऱ्यांदा विचारतेय ती. तिसऱ्यांदा रविवार.

आणि आज मोडक्या फ्रीजखालची माती हलली.
आधी नाक, मग पाय, मग ते सगळं जुनं ओझं,
पाठीवर हिवाळ्याची धूळ घेऊन
कासव बाहेर.

त्याला काही ठाऊक नाही.
ऑक्टोबरात ते झोपलं तेव्हा
याच पायरीवर बाबा बसायचे, नाकात ऑक्सिजनची नळी,
हातात जास्वंद:
"चल रे म्हाताऱ्या, दुकान बंद होतंय!"

अंगण ओलांडायला त्याला तास लागला.
मी दवाखान्यात फोन केला, उशीर होईल म्हटलं.
कारण विचारलं तर
पाइप फुटलाय म्हणाले.

पायरीशी येऊन थांबलं. मान वर केली.
जास्वंद नव्हतं घरात.
निवडुंगाचं एक पान होतं, काटे काढलेलं,
माझ्याच न्याहारीचं.
ते धरलं, बाबा धरायचे तसं, खालून.

बराच वेळ त्यानं वास घेतला.
पानाचा, मग माझ्या बोटांचा.
मग चावलं, अंगठ्यासकट.

फार नाही लागलं.
परातीपाशी लावे पुन्हा आले होते.
अंगठा तोंडात धरून मोजली पिल्लं.
नऊच.