पुस्तक एक, इस्त्री नको

गॅसच्या कारखान्यातून दर गुरुवारी
अकरा शर्ट यायचे मोरितासाहेबांचे.
कॉलरला मळ नाही, खिशात कधी चिठ्ठी नाही.
फेब्रुवारीत ते सूर सोडून गेले.
पिशवीच्या तळाशी राहिलं एक पुस्तक,
जपानी परीकथा, इंग्रजीतून, मुलांसाठी.
मी पावती फाडली : पुस्तक एक, इस्त्री नको.

सहा महिने कुणी मागायला आलं नाही.
मग उघडलं.

दुकान दहाला बंद होतं.
बॉयलर निवायला अर्धा तास लागतो,
खाडीपलीकडे ऐजाचा दिवा फिरत असतो,
तेवढ्यात मी वाचतो, अडखळत, बोट ठेवून,
आणि हबीबुरला हिंदीत सांगतो.
तो मनात बंगालीत करून घेत असावा.
एवढी पायपीट करून
तो जपानी म्हातारा आमच्या काउंटरवर टेकतो.

म्हातारा छत्र्या दुरुस्त करणारा.
डोंगरात घर, मूल नाही, बायको कमरेत वाकलेली.
एका रात्री दारात ओलाचिंब कोल्हा :
माझीही छत्री मोडलीय.
हबीबुर म्हणाला, कोल्ह्याला कशाला छत्री?
मी म्हटलं, ह्या वाळूत तुला कशाला?
पलंगाखाली आहेच ना, सिल्हेटची, बांबूच्या दांड्याची.
तो हसला नाही.

शेवटी काय मिळतं म्हाताऱ्याला?
अर्धं राज्य नाही. सोन्याची मोहर नाही.
तांदळाची एक बरणी, जिच्या तळाशी
कितीही काढले तरी मूठभर उरतातच.
आणि कोल्हा दर पावसाळ्यात
दारावरून विचारपूस करून जातो.
बस. एवढंच सुख.

खाली एक शब्द दोनदा : मेदेताशी, मेदेताशी.
अर्थ दिलेला नाही. मला लागलाही नाही.
श्रावणातल्या शुक्रवारी आई कहाणी सांगायची
तेव्हा मुठीत तांदूळ धरून बसवायची.
संपेपर्यंत उघडायची नाही.
घामाने दाणे तळहाताला चिकटायचे
आणि मी वाट बघायचो, देवीची नाही, राजाची नाही,
साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण
म्हणजे बोटं सुटतील म्हणून.

परवाची गोष्ट मात्र वाईट निघाली.
मीठ पिकवणारा शहरात कामाला जातो,
रेशमाचे साठ तागे घेऊन परततो,
आणि बायको आतून विचारते, कोण?
दार उघडत नाही. पान संपतं.

हबीबुर म्हणाला, पुन्हा वाच.
वाचलं. दार बंदच.
त्याला घरी जाऊन पाच वर्षं झाली,
एजंटचे अजून थोडे बाकी आहेत.
थोडे म्हणजे किती, मी विचारत नाही.
पुन्हा वाच, म्हणाला.
मी पानावर बोट तसंच फिरवत नेलं :
ती कडी काढते.
काय आणलंस, विचारत नाही.
म्हणते, पाणी तापलंय. आधी अंघोळ कर.

बॉयलर टक् टक् करत निवत होता.
हे लिहिलेलं नाही, तो म्हणाला.
नाही.
पुस्तक माझ्या हातातून घेतलं,
न कळणाऱ्या त्या ओळींकडे बघत राहिला
आणि म्हणाला, मग लिही.

आता शेवटच्या ओळीखाली
माझ्या अक्षरात मराठीत चार ओळी आहेत, पेन्सिलीने.
साहेब परत आलेच तर खोडून देईन.
पावती तेवढी बदलावी लागेल.
ते पान त्याच्या मुठीत
फार चुरगळलंय.