तुरट

बामणोदच्या मळ्यात तुराट्या पेटल्या
तोवर बाटली माझ्या पिशवीतच होती.
वांगी पांढरट-हिरवी, एकेक अर्ध्या किलोचं,
लीलाधरमामा जाळावर त्यांची कूस बदलत होता
पायांवर घेऊन तान्ह्याला न्हाऊ घालावं तसा.

दिंडोरीला मी लॅबमध्ये असते, हे सगळ्यांना ठाऊक.
काय करते, ते कुणी विचारत नाही.
"द्राक्षांचा रस तपासते," आई सांगते
आणि विषय केळीच्या भावावर नेते.

"ड्राय रेड," मी म्हटलं. "म्हणजे कोरडी."
देवकाआत्या हसली. "ओली वस्तू कोरडी कशी व्हईन?"
साखर नसते उरलेली, मी म्हटलं,
सगळी यीस्टने खाल्लेली असते.
"मंग फिकी म्हन ना.
मी नाही का फिका चहा पीत, शुगर निघाल्यापासून."

पेले नव्हतेच. स्टीलच्या फुलपात्रांत ओतली,
काळी दिसली, संध्याकाळी विहिरीत वाकून पाहावं तशी.
आधी वास घ्यायचा, मी शिकवायला गेले
आणि शेवभाजीच्या तर्रीनं माझंच नाक बंद केलं.

चूक माझी. तर्रीवर तिचा घोट घ्यायचा नसतो.
तिखटानं तिला काडी लावली,
जिभेवर दोघी जावांसारख्या भांडल्या,
मामानं मुकाट ताकाचा तांब्या उचलला.
"याच्यासाठी एमेस्सी केलं?"

आत्यानं मात्र घोट गालात धरून ठेवला.
चाळीस वर्षं केळीची पिलं कापलीत तिनं,
तिचं एकही लुगडं चिकाच्या डागावाचून नाही.
"कच्च्या केळाचा चीक," ती म्हणाली.
"मंग जांभूळ.
मंग..." आणि डोळे मिटून शोधत राहिली,
"बैलाचा घुंगरपट्टा. पोळा झाला की टांगून ठेवतो, तो."

त्या पिंपाची नोंदवही वर्षभर मीच लिहिली होती.
आम्लता, टॅनिन, तापमान, तारीख, सही.
घुंगरपट्टा मला सुचला नव्हता.

मग बडगीत वांगी ठेचली,
लसूण, हिरवी मिरची बेतानं, कांद्याची पात,
वरून तेलात तळलेले दाणे, खोबऱ्याचे काप,
आणि कळण्याची भाकरी, कडेला करपलेली.
आत्यानं घास घेतला, चावला, गिळायच्या आत
घोट घेतला.
धुराला धूर भेटला. तुरटपणा
तेलावरून पाय घसरून कुठेतरी खाली गेला,
मागे नुसतं जांभूळ राहिलं.
"आता बसली," ती म्हणाली,
जुन्या दाराची कडी एकदाची बसते तशी.

मामानं पुन्हा फुलपात्र पुढे केलं नाही,
पण बाटलीवरचं लेबल उजेडात धरून वाचलं,
अक्षर अक्षर जुळवत, गावाच्या नावापर्यंत.

जाळ उतरला होता. आई एवढा वेळ
पलीकडे भाकऱ्या थापत बसलेली.
उठून आली, हाताचं पीठ पदराला पुसलं,
माझ्याकडे न बघता फुलपात्र पुढे केलं.
"थोडीच ओत," म्हणाली.
"माझी अर्धी भाकरी उरलीय."