पेजेची गोधडी

पवईच्या त्या घरात मी पडदे आखूड करायला गेले होते,
अठराव्या मजल्यावर, अंगात ताप घेऊन.
टेप धरलेला हात थरथरला
तशी तोमोएबाईंनी माझ्याकडून कात्री काढून घेतली,
मला खुर्चीत बसवलं
आणि स्वयंपाकघरात गेल्या.

बराच वेळ काहीच आवाज नाही.
मग वाफ आली, वाफेमागून वाडगा.
तांदूळ आपला आकार विसरण्याच्या बेतात,
आणि मधोमध एक सुरकुतलेलं लाल फळ,
इतकं आंबट, इतकं खारट
की दोन दिवस मेलेली जीभ दचकून उठली.

"ओकायु," त्या म्हणाल्या.
"पेज," मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली. मीही.
दोघींना वाटलं, दुसरीला कळलेलं नाही.

त्यांच्या नवऱ्याची बदली ओसाकाला ठरली
तेव्हा भांडुपच्या खोलीत मी चिंध्यांचं गाठोडं सोडलं
आणि कळलं, पांढरा असा एक रंग नसतोच.
भावाचा शाळेचा सदरा निळीकडे झुकलेला,
बाबांचं धोतर सायीसारखं,
उशीचा अभ्रा, त्यावर कुणाच्या तरी डोक्याचं तेल,
मांजरपाट, ज्याला अजून खळीचा वास.
सगळं एकाच भांड्यात शिजायला घातलं
म्हणजे कडेला कडा लावून, धावदोऱ्याने.
मधोमध आईच्या परकराचा लाल गोल,
धुऊन धुऊन विटलेला.

कठड्यावर टाकली तर खालून दळवीकाका ओरडले,
"काय गं शर्मिष्ठा, जपानचा झेंडा?
कोण पाहुणा यायचाय?"

मागे सरून पाहिलं. झेंडाच.
हसले. मग रडू आलं.
मग उसवायला बसले.

गोल सरकवला खाली, डावीकडे,
जिथे चमचा पहिल्यांदा बुडतो.
कडेने दोरा ओढून चुण्या पाडल्या, आत चिमूटभर कापूस.
आणि वाफ शिवली पांढऱ्यावर पांढऱ्याने,
तिरप्या उन्हातच दिसेल अशी.
आमच्या खिडकीत ती पाचच्या सुमाराला दिसते.
त्यांच्या खिडकीतलं मला माहीत नाही.

खोकी भरून झाली होती.
त्यांनी खोक्यांच्या मधल्या जागेत गोधडी पसरली,
गुडघ्यांवर बसल्या, फळावर बोट ठेवलं,
आणि त्यांचं तोंड किंचित आंबट झालं.
मला तेवढ्यात सगळे पैसे मिळाले.
पण त्या अजून बघतच होत्या.
"मीठ?" त्यांनी विचारलं.
हिरानंदानीतल्या भाजीवालीकडून शिकलेला शब्द.

मी म्हटलं, थांबा.
वीतभर काठ उसवला, हात आत घातला,
दोन थरांच्या मध्ये, नुसत्या चाचपण्याने
बारीक बारीक गाठी मारल्या.
किती, ते मोजलं नाही. मीठ कोण मोजतं?
काठ बंद केला.
त्यांनी वरून तळहात फिरवला,
ताप बघतात तसा.
"हो," म्हणाल्या. मराठीत.

घरी आल्यावर अंगुस्तान सापडेना.
पिशवी उलटी केली, मशीनचा खण पाहिला,
मग लक्षात आलं, ते आतच राहिलं.
एव्हाना ओसाकात कुणाच्या तरी पायाला
रात्री कुशीवर वळताना लागत असेल ते,
भातातल्या खड्यासारखं.