कल्ला

एकच गाणं, चार भावांत.
साधं पंधरा रुपये. एचडी पंचवीस.
लॉसलेस साठ.
आणि सोनेरी चौकटीत
स्टुडिओ मास्टर, चोवीस बिट,
एकशे चाळीस.

चारही ठिकाणी गायिका तीच,
कु. इंदुप्रभा धैर्यवान. माझी आत्या.
आयुष्यात एकच तबकडी निघाली तिची,
दोन बाजू, दोन गाणी,
नंतर जकात खात्यात टायपिंग, निवृत्तीपर्यंत.

लॅमिंग्टन रोडला हेडफोनच्या दुकानात
तन्वेश म्हणून मुलगा आहे, त्याला विचारलं,
बाबा रे, लॉसलेस म्हणजे काय?
म्हणाला, काही हरवलेलं नाही असं.
काहीच?
काहीच नाही, काका.
मग स्टुडिओ मास्टरमध्ये काय जास्त देतात?
काहीच हरवलेलं नाही, त्याहून जास्त काय असतं?
त्यानं चार्जरची वायर गुंडाळली, सोडली,
पुन्हा गुंडाळली.
'फील,' म्हणाला.

आम्ही मुगभाटात राहायचो तेव्हा
आई मासळीबाजारात पापलेटचा कल्ला उचलून बघायची.
कोळीण शपथा घेऊ दे, आत्ता होडीतून उतरलंय म्हणू दे,
कल्ला लाल असेल तर पुढचं बोलणं.
मी या चार चौकटी अंगठ्यानं दाबून बघतोय,
कल्ला कुठे असतो गाण्याला?
नमुना तीस सेकंदांचा देतात,
तोही चौघांचा एकच.

आणि माझे कान.
ठाकुरद्वारच्या डॉक्टरणीनं आलेख काढून दिलाय,
छापखान्यातली एकतीस वर्षं:
रेघ बरी चालते चालते
आणि जिन्याची पायरी चुकावी तशी खाली.
वरच्या सुरांचे पैसे भरायचे
आणि ऐकायचे शेजारच्या मांजरीनं.

तरी घेतलं. एकशे चाळीसचंच.
आत्याला साध्यात कसं घ्यायचं?

रात्री भांडी आवरून झाल्यावर लावलं.
पहिलं कडवं नुसतं धुतलेलं, इस्त्री केलेलं,
तिचे श्वास कुणीतरी पुसून काढलेत.
ही तीच का, अशी शंका येईपर्यंत स्वच्छ.
मग दुसरं कडवं, त्यातला 'सावकाश' हा शब्द,
आणि

साव
कट्
काश

हेडफोन काढला. पुसला. मागे नेऊन पुन्हा लावलं.
साव, कट्, काश.

चौऱ्याहत्तरची दिवाळीची सुट्टी.
कॅरमचा स्ट्रायकर हातातून सुटला
तो थेट फिरत्या तबकडीवर.
संध्याकाळी आत्या ऑफिसातून आली, लावून ऐकलं,
काही बोलली नाही, चहा ठेवला.
पुढे घरात ती तबकडी कुणी लावली नाही.
दहिसरला गेलो तेव्हा रेडिओग्रामसकट भंगारात दिली,
तिथून चोरबाजार, तिथून कोण जाणे कुणाचं कपाट.

म्हणजे कसला स्टुडिओ आणि कुठलं मास्टर!
आमच्या बाहेरच्या खोलीतली तबकडी ही,
आणि चोवीस बिटांत नीट मोजून ठेवलेला
माझा, नऊ वर्षांच्या पोराचा, ओरखडा.

पैसे परत मागावेत म्हणून तक्रारीच्या चौकटीत
'ध्वनीत दोष आहे' असं लिहिलं.
खोडलं.
मग पंधरा रुपयांचंही घेतलं,
तिथं कट् कसा वाजतो बघायला.
जरा बोथट. पण आहे.

आई असती तर म्हणाली असती,
लाल आहे रे,
घे.