पहिला दिवस

कौन्सिलची बाई जिन्यात दिसली, की युनिस
रेडिओ लहान करते. तीच खूण.
रुतेंदो टॉवेलांची बादली उचलून
मागच्या संडासात जाते, आतून कडी लावते,
आणि माझा पहिला दिवस सुरू होतो.

चार वर्षांत माझे पाच पहिले दिवस झाले.
जर्मिस्टन, टॅक्सी रँकसमोर, वरचा मजला.
खालून मागविन्या तळल्याचा वास येतो, आमच्याकडून अमोनियाचा जातो.
"शिकाऊ आहे," युनिस सांगते,
"आजच आली. पोर गुणी वाटते."
हे ती माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगते.
केसाने गळा कापतात म्हणतात ना,
आमच्याकडे केस भरपूर आहेत.

किमान वेतनाचा तक्ता भिंतीवर लावावा लागतो.
लावलाय. त्याच्यावर कॅलेंडर,
कॅलेंडरवर केस मोकळे सोडून हसणारी बाई.
मी तो एकदाच वाचला, जूनच्या कडाक्यात,
महिना उलटायच्या निमित्ताने पान वर धरून.
शिकाऊ, पहिलं वर्ष. शिकाऊ, दुसरं वर्ष. मदतनीस. कारागीर.
खालपर्यंत बोट फिरवलं.
पहिल्या दिवसाला रकाना नव्हता.

मला मिळतं ते डोक्यामागे.
बारीक वेण्यांचं एक डोकं म्हणजे सहा तास उभं,
निम्मे पैसे युनिसचे,
उरलेल्या निम्म्यातून हातमोजे, कंगवे, चहासुद्धा.
लाइट गेली की ड्रायर थांबतो
आणि आम्हीही थांबलो असं धरतात.
लोडशेडिंगच्या दोन तासांत रुतेंदो आणि मी
एकमेकींच्या मांडीवर पाय टाकून बसतो. घोटे उतरतात.
अंधाराचे पैसे नाहीत.

काचेच्या कपाटात केस आहेत, बावीस इंची, कुलपात.
लांबच्या कुठल्या देशात बाया ते देवाला वाहतात म्हणे,
फुकट.
इथे पोचेपर्यंत त्यांची किंमत
माझ्या अडीच महिन्यांएवढी होते.
वाटेत कोणाकोणाचे हात ओले झाले असतील?
माझे तर रोजच असतात.

या वेळी बाई नवी होती. मिस मोखेले.
जाड चष्मा, फायलीला रबरबँड.
तिने काहीच विचारलं नाही. लोकरीची टोपी काढली,
बेसिनच्या खुर्चीत मान टेकवली, म्हणाली,
"धुऊन दे. पैसे देईन."

हातांना खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.
पाणी आधी मनगटावर पारखलं गेलं,
कपाळावर तळवा आडवा गेला, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून,
आणि मग कानांमागून मानेच्या त्या खळगीत,
जिथे बायकांचा दिवस साठून राहतो,
अंगठे आपणहून पोचले.
तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने, मिटल्या डोळ्यांनीच:
"पहिला दिवस?"

युनिस हसली.
रेडिओ लहान होता,
म्हणून मागचा दाबलेला खोकलाही ऐकू आला.
"मी पगाराचं विचारते," बाई हळूच म्हणाली, "कागदांचं नाही."
सगळे तसंच म्हणतात.
ही कदाचित खरंही म्हणत असेल.

मी नळ बंद केला.
तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं, जड, ऊन,
आणि माझी बोटं तिच्या डोळ्यांसमोर उलटी,
चिरा पडलेली, नखांपाशी पिवळी.
तिने डोळे उघडले होते.
"टॉवेल आणते," मी म्हटलं.

टॉवेल मागे होते.
दाराला तोंड लावून मी विचारलं, "रुतेंदो, सांगू?"

खोकला थांबला.
बादली सरकली.
कडीला हात लागल्याचा आवाज आला.
उघडल्याचा अजून नाही.