वयाची अट

कलादालनाच्या जिन्याखाली एक फलक आहे,
हिरव्या कापडाचा, कडेला विटून पांढरा पडलेला.
सोमवारी सोमवारी मी तो वाचते.
एकांकिका स्पर्धेचे अर्ज. शाडूचं शिबिर.
तबला विकणे आहे, डग्ग्यासह.
तालमीला जागा हवी, आवाज होणार नाही.
आणि मधोमध, चार टाचण्यांनी ताणून बसवलेलं आवाहन:
नवोदित चित्रकारांनी प्रवेशिका पाठवाव्यात,
वय पस्तीसच्या आत.

मी नवोदितच आहे.
उदय व्हायला
अठ्ठावन्न वर्षं लागली, एवढंच.

एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात मीटरचे आकडे उतरवले.
कुठल्या पेठेत किती पाणी मुरतं ते मला विचारा.
निवृत्त झाले त्याच आठवड्यात
लिनोचा पहिला तुकडा कापला,
आणि थोडा डावा अंगठा.

मग एक दिवस कचेरीतून पानवलकरांचा फोन:
कुणीतरी तारीख सोडलीय. मंगळ ते गुरुवार.
मार्च आहे, परीक्षा आहेत, कुणी फिरकणार नाही,
आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको.
अनामत परत मिळेल. भाडं नाही.

रविवार पेठेतल्या मोमीनभाईंनी चौदा फ्रेमा उधार दिल्या.
म्हणाले, विकल्या गेल्या तर पैसे द्या,
नाही गेल्या तर फ्रेमा परत,
चित्रं तुमच्याकडे ठेवा.

चौदाही चित्रांत मंडईतल्या बायकांचे हात.
पहिल्या दिवशी अकरा माणसं आली.
त्यातली चार पंख्याखाली थांबली आणि गेली.
एका गृहस्थांनी प्रत्येक फ्रेम एक डोळा मिटून पाहिली
आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, पत्ता-फोनसकट:
तिसरी फ्रेम दोन सूत उजवीकडे कलली आहे.
मी मोजलं. दोनच सूत.

आलं-लिंबूवाल्या चंपूबाई दुपारी टोपली दारात ठेवून आत आल्या.
स्वतःच्या हातापुढे बराच वेळ उभ्या.
नखं बरी जमली, म्हणाल्या,
पण आलं असं धरत नाहीत.
आणि धरून दाखवलं.
इतकी वर्षं कॉलेजात न गेल्याची खंत होती,
ती तिथे दोन मिनिटांत वसूल झाली.

बुधवारी ती पोरं आली. ओवी, रेहान,
आणि एक उंच मुलगा, ज्याला सगळे काका म्हणत होते.
तालमीचा हॉल कुणाच्या तरी मेंदीला गेला होता.
एक कोपरा द्याल? आवाज होणार नाही.
म्हटलं, अच्छा, ते तुम्ही.

ओवीचं एकच वाक्य होतं: दार मी उघडणार नाही.
ती ते एकोणीस वेळा म्हणाली.
बाराव्या वेळेपर्यंत ते नाटकातलं दार होतं.
पुढचं मला सांगता येत नाही.
मी वहीतल्या रिकाम्या पानावर
उगाच रेघा मारत बसले.

आठ म्हणजे आठ, हा जगतापांचा नियम.
एकेक ट्यूब बंद करत ते भिंतीभिंतीने आले.
शेवटची राहिली.
सव्वीस वर्षांत ते काही विसरलेले नाहीत.

गुरुवारी दोन चित्रं गेली.
एक मोमीनभाईंनीच घेतलं,
फ्रेमेचे पैसे वळते करून.

नारायण पेठेत भावाचा झेरॉक्सचा गाळा आहे.
मशीन विकलं, भाऊ मुलाकडे गेला,
शटरची किल्ली माझ्या डब्यात, जिऱ्याशेजारी.

शुक्रवारी फलकासमोर उभी राहिले, हातात कागद:

गाळा, दहा बाय बारा. भिंती तीन.
चित्रं लावा, तालीम करा,
तबला वाजवा, डग्ग्यासह.
आवाज झाला तरी चालेल.
भाडं: जाताना झाडून जाणे.
वयाची अट नाही.
वेळ: दुपारी एक ते चार.

टाचणी आणायला विसरले होते.
आवाहनाची एक काढून घेतली.
त्याला तीन पुरतात.