पान एक्केचाळीस

दर मंगळवारी फॅक्टरीचा भोंगा झाला की
केंजळेसाहेब येतात खडकी बाजारात,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानी.
आता गाडी नाही, पीएमटीनं येतात.
कुणी जागा दिली तर दोन्ही हात जोडतात,
मतं मागायची सवय अजून गेलेली नाही.

पिशवीत कागद. तोफगोळ्याच्या फ्यूजचे भाव.
एकच फ्यूज, तीन देश, तीन भाव,
आणि मधल्या फरकाचं नाव : सल्ला.
मी वाचू नये खरं तर,
पण काचेखालून दिवा सरकतो
आणि डोळे त्याच्या मागोमाग जातात.

चौकात टेबल मांडून बोलतात.
लाउडस्पीकरला परवानगी नाही, नुसता गळा.
"गोळा नळीतच फुटतो, पोरगं जातं,
बिल मात्र वेळेवर पास होतं."
ऐकायला अकरा जण,
त्यातले दोघं साध्या वेशातले,
एक जण वडापाव संपेपर्यंतच.

माझे वडील फिलिंग सेक्शनला होते.
उजवीकडची दोन बोटं तिथंच राहिली.
उरलेल्या तिनांनी मिशी पिळत म्हणायचे,
आपला माल फुटायच्या जागीच फुटतो.
बाहेरचे फ्यूज यायला लागले
तेव्हापासून मिशीला हात लावला नाही.

गेल्या मंगळवारी साहेबांनी एकच कागद काढला.
पिवळा. पान एक्केचाळीस.
खरेदी समितीचं इतिवृत्त, तेवीस वर्षांपूर्वीचं.
'हरकत नाही', आणि खाली पाच सह्या.
चौथी माझ्या ओळखीची.
माझ्या उधारीच्या वहीत दर आठवड्याला येते ती,
शेपूट वळवून मागे बघणारा तोच क.

"साहेब, हे पान..."
"शंभर प्रती.
आणि खाली फिकट येतंय बघ, शाई वाढव."

शंभर वेळा दिवा गेला त्या सहीखालून.
बाकावर बसून ते गरम कागदांची चळत
मांडीवर घेत राहिले,
थंडीत मांजर घ्यावं तशी.

विचारायला नको होतं, विचारलं :
पैसे घेतले होते?

"नाही रे. घेतले असते
तर सांगायला तरी काही असतं.
जेवायची वेळ झाली होती. सगळे उठत होते.
पेन फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं."

सुटे नव्हते. वही पुढे केली.
बराच वेळ पेन धरून बसले,
मग सही न करता
एकेक अक्षर सुटं लिहिलं :
आत्माराम गोविंद केंजळे.